नाथसागरातली मासळी मोजायची म्हणजे नेमकं काय करायचं?

गोदाकाठचा:
काल इथंच एकानं लिहिलं, 'मे महिन्यात नाथसागरातून एवढा मासा निघतो, म्हणजे धरण भरलेलंय. भोई लोक उगीच रडतात. एकदा शास्त्रीय मोजणी करा, मगच मासेमारीचा ठेका द्या.' वाचून डोकं फिरलं, म्हणून लांबलचक लिहितोय.

मे महिन्यात मासा वाढत नाही हो, पाणी कमी होतं! साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरलेलं जायकवाडी धरणाचं पाणी मृतसाठ्याकडं आटत आलं, की सगळा मासा डोहांत गोळा होतो. जाळं टाकलं की भरतं. पंधरा दिवसांनी त्याच डोहात चार चिलापी. २०१६ ला आम्ही हेच बघितलं. जाळ्यामागं किती किलो निघाले यावरून धरणातला मासा ठरवणं म्हणजे आठवडी बाजाराची गर्दी बघून गावाची खानेसुमारी लिहिणं. कॅनडात समुद्रातल्या कॉड माशाचं असंच झालं. उरलासुरला मासा दाटीनं एकत्र राहिला, ट्रॉलरना माल मिळत गेला, कागदावर सगळं झकास. १९९२ ला मासेमारीच बंद करावी लागली.

आकडेमोड्या:
ती पोस्ट माझी. मे महिन्याचं वाक्य घाईत गेलं, घ्या, खूश? पण मोजणी होऊच शकत नाही हे कुठून आलं? खूण करून सोडा, पुन्हा पकडा. पीटरसनचं साधं त्रैराशिक आहे. ५०० माशांना खूण केली, पुढच्या खेपेला ४०० धरले, त्यात २० खुणेचे निघाले, तर तळ्यात साधारण १०,०००. शंभर वर्षांहून जुनी रीत. आपल्याला फक्त 'आमचा अनुभव' सांगायची हौस.

थर्माकोलवाला:
साहेब, तुमचं त्रैराशिक नाथसागरात लावून बघू. ५०० ला खूण केली, २,००० धरले, खुणेचे दोन निघाले. धरणात पाच लाख. त्यातला एक माझ्या घरी कालवणात गेला अन् मी सांगितलंच नाही, तं झाले दहा लाख! एका कालवणानं पाच लाख मासे वाढवणारा सरकारी कार्यक्रम अजून तरी निघाला नाही. अन् खुणेचा मासा आम्ही परत कामून आणून द्यावा? ठेका दुसऱ्याचा, उचल व्यापाऱ्याची, रात्रभर थर्माकोलच्या तराफ्यावर बसून पाय आमचे सुजलेले.

आधी बोटुकली, म्हणजे धरणात सोडायची बोटभर पिल्लं, मोजायला शिका. आमच्या सोसायटीत गाडी आली, पहिला पेला नीट मोजला, मग नुसते पेले. ते बी अर्धे. कागदावर पूर्ण एक लाख. राहू-कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाही. वर टाकलं तेवढंच खाली निघणार. टाकतानाच खोटं, तं काढताना काय मोजता?

उसाचा वैरी:
मूळ प्रश्न पाण्याचा आहे. नगर-नाशिकची धरणं भरल्यावर उरेल ते आपल्याला, त्यात इथला ऊस...

गोदाकाठचा:
आला ऊस. यांना लग्नपत्रिका पाठवली तरी उत्तरात ऊस येईल.

आकडेमोड्या:
थर्माकोलवाले, पेल्याचा मुद्दा बरोबर आहे. (मान्य करताना त्रास होतोय.) मग काठावर लांबी मोजा. रोज जो मासा उतरतो त्याला पट्टी लावायची. लहानच लहान निघत असेल, तर मोठा होण्याआधीच उपसताय. त्याला खूण नको, होडी नको.

मंगळवारची पाटी:
पट्टी लावायच्या आधी मासा कोणता ते बघा, भाऊ. चिलापी दाटी झाली की खुजीच राहते. बोटभर असतानाच तोंडात अंडी घेऊन फिरते. मी पाटीवर रोज बघते, कापताना पिल्लं सांडतात. बारीक चिलापी म्हणजे उपसा जास्त नाही, उपसा कमी!

जुना पैठणकर:
ही चिलापीच आपल्या मुळावर आली. १९५२ ला परदेशातून देशात आणली कुणी? मरळ, वाम, शिंगाडा, आमच्या वडिलांच्या पाटीत काय नव्हतं! आता चिखलाचा वास मारणारी रबरी भाजी.

मंगळवारची पाटी:
मामा, मरळ आणा, मी विकते. आणता का? चिलापीवर माझी दोन पोरं शिकली. मजुरी करून संध्याकाळी पाव किलो मागणाऱ्या बाईला तुमची वडिलांची मरळ सांगू का? अन् चिखलाचा वास हळद-मीठ लावून दोन पाण्यांत धुतलं की जातो. तुमच्याकडं धुतं कोण ते आधी सांगा.

जुना पैठणकर:
घरापर्यंत जायचं काम नव्हतं.

मंगळवारची पाटी:
पाटीपर्यंत तुम्हीच आलात.

गोदाकाठचा:
मंडळी, मासे मोजायचे होते.

आकडेमोड्या:
ताईंचं मान्य, चिलापी वेगळी आणि राहू-कटला वेगळा मोजायचा. आणि कालवणाचा हिशेब नाथसागरात चुकतो, गावच्या पाझर तलावात नाही. तिथं खूण चालेल. एवढं तरी माझं राहू द्या.

थर्माकोलवाला:
राहू द्या? राहूच नाही तं काय देणार! बरं, पाझर तलाव तुमचा. पट्टी घेऊन या, पण मासा पहाटे तीनला उतरतो. अन् पहिल्या दिवशी पेला बी मोजायचा, माझ्यासमोर.

आकडेमोड्या:
तीनला? साडेपाच चालणार नाही का?

मंगळवारची पाटी:
साडेपाचला मासा माझ्या पाटीत असतो. तिथं मोजा, पण हात लावला की घ्यावा लागेल.