पळवलेलं पोरगं परत आलं, तर त्याला काय म्हणायचं?

शिवाजीपेठकर
काल तालमीत मर्दानी खेळाचा सराव बघत बसलो होतो. नऊ वर्षांचं पोरगं लाठी फिरवत होतं. मनगट भरून आलं तसं वस्तादांनी त्याला खाली बसवलं आणि हाताला तेल चोळलं. साधारण त्याच वयात युगांडातल्या डॉमिनिक ओंग्वेनला शाळेच्या वाटेवरून 'लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी' या बंडखोर टोळीनं उचललं होतं. पुढं तो त्यांचाच कमांडर झाला. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं २०२१ मध्ये त्याला ६१ आरोपांत दोषी धरून २५ वर्षांची शिक्षा दिली.

त्या टोळीत पळून जाताना सापडलेल्या पोराला बाकीच्या पोरांकडूनच मारायला लावत. माराचे वळ आईला दाखवता येतात. आपल्याच हातानं मारलेल्या सवंगड्याचं घरी काय सांगणार? मग पोरगं गप्प राहतं, आणि गप्प आहे म्हणजे सावरलं, असं घरचे धरून चालतात. अशांना गुन्हेगार म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ओंग्वेनलासुद्धा.

खासबागची वकील
मला हे पटत नाही. शिक्षा झाली ती २००२ ते २००५ मधल्या कृत्यांसाठी. तेव्हा तो चांगला विशीतला होता. त्याचं बालपण न्यायाधीशांनी लक्षात घेतलं, म्हणून तर जन्मठेप टळली. युगांडातल्या लुकोडीच्या विस्थापितांच्या छावणीत त्याच्या लोकांनी ज्यांची माणसं मारली, त्यांना त्याच्या मनाची जखम दाखवून गप्प बसवणार का?

शिवाजीपेठकर
गप्प कुणालाच बसवायचं नाही, ताई. पण अठरावं संपलं म्हणून त्याला कुणी घरी सोडलं नव्हतं. शाळेनंतर तो जे शिकला ते सगळं त्याच टोळीत.

फौजी आबा, सैनिक टाकळी
मी साडेसतराव्या वर्षी भरती झालो. ट्रेनिंग झालं तरी अठरा पुरी होईस्तोवर मोहिमेवर धाडलं नाही. राजीखुशीनं गेलो होतो, दरवर्षी सुट्टी होती, आईची पत्रं होती. तरी आज दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला की माझा हात थरथरतो, कप बशीवर वाजतो. मंडळी काही विचारत नाहीत, उठून रेडिओ मोठा करतात. मला एवढं असतंय, तर त्या लेकरांचं काय होत असेल!

पण पोरा, एक सांगतो. त्याला 'तू काही केलं नाहीस' असं म्हणू नका. केलंय, हे त्याला ठाऊक असतंय. तुम्ही खोटं बोललात की तो पुन्हा तोंड उघडायचा नाही.

रंकाळा
आबा, मुलींच्या बाबतीत मात्र 'तुझा दोष नाही' हे गावासमोर मोठ्यानं सांगावंच लागतं. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचं यादवी युद्ध २००२ मध्ये संपलं. तिथंही पोरंपोरी पळवून नेली होती. लढणाऱ्यांनी शस्त्र आणून द्यायचं आणि मदत घ्यायची, अशी तिथली रीत होती. ज्या मुलींना ओझी वाहायला, स्वयंपाकाला आणि जबरदस्तीनं 'बायको' म्हणून ठेवलं होतं, त्यांच्या हाती कुठली बंदूक? कितीतरी जणी मदतीच्या यादीबाहेर राहिल्या. कडेवर मूल घेऊन परतल्या, तर शेजारीपाजारी त्या मुलालाच बंडखोराची अवलाद म्हणायचे. तिथल्या मुलांचा पुढं कित्येक वर्षं मागोवा घेतला गेला. गावानं जवळ केलेली मुलं मनानं जास्त सावरली. जिथं टोमणे चालूच राहिले, तिथं उदासी मुरली. इथं खटल्यावरच सगळं बोलणं चाललंय, म्हणून हे लिहिलं.

शिवाजीपेठकर
आबा, 'गुन्हेगार नाही' आणि 'काही केलं नाही' हे मी एकच धरून चाललो होतो. तेवढं दुरुस्त करतो. ओंग्वेनबद्दल मत तेच आहे.

खासबागची वकील
माझंही तेच आहे. पण आबांचं वाचून ओंग्वेनच्याच अचोली लोकांची एक रीत आठवली. जंगलातून परतलेलं मूल दारात कच्च्या अंड्यावर पाय देतं, ते फुटलं की मग आत येतं. तिथं घरचे उभे असतात. ज्याच्या घरचं माणूस गेलं, तो शेजारी त्या दारात असतो का, दादा? मी अजून त्याच्याच बाजूनं बोलतेय.