पिअर्स म्हणजे टोचणं की विंधणं?

कृष्णाकाठची_आई: रविवारी धाकटीचे कान टोचून आणले, सांगलीतच, सराफ कट्ट्यावर. सोनारकाकांनी पेनानं ठिपका दिला, सोन्याची तार पाळीतून आरपार काढली आणि मागं पीळ दिला. तिच्यापेक्षा मीच जास्त रडले. येताना पार्लरच्या काचेवर 'इअर पिअर्सिंग' वाचून सहावीतला थोरला म्हणाला, "मग इंजेक्शन टोचतात त्याला पिअर्सिंग का नाही म्हणत?" काय सांगू?

मास्तर_निवृत्त: पोरगं हुशार आहे, त्याला गप्प करू नका. पिअर्स इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, १३०० च्या सुमारास. त्याच्या मागं लॅटिन 'पेर्तुंदेरे' धरतात. 'पेर' म्हणजे आरपार, 'तुंदेरे' म्हणजे ठोकणं. घाव घालून पलीकडं काढायचं, असा मूळ भाव. इंजेक्शनचं नाव सुईवरून पडलेलंच नाही. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'आत टाकणं', म्हणजे औषध.
संस्कृत घेतलेल्यांना गंमत वाटेल. तुंदेरे हा आपल्या 'तुद्' धातूचा भाऊबंद. सहाव्या गणाला ज्याच्यावरून तुदादि म्हणतात तोच, तुदति-तुदतः-तुदन्ति. आणि ज्याला आपण विशालकोन म्हणतो तो इंग्रजीतला 'ऑब्ट्यूज' याच तुंदेरेचा: ठोकून बोथट झालेला!

जतचा_गडी: आमच्याकडं बोअर मारत्यात, पण पंचायतीच्या कागदावर 'विंधण विहीर' असतंय. गेल्या साली चारशे फूट विंधलं, नुसता फुफाटा निघाला. तुमचं विंधणं ते हेच का?

मास्तर_निवृत्त: तेच. संस्कृत 'व्यध्'वरून. वेध, व्याध, विंधणं सगळं एका घरचं. माझी आजी 'कान टोचले' कधी म्हणायची नाही, 'कान विंधले' म्हणायची, आणि भोकाला 'वेज'. टोचतो तो बाभळीचा काटा, असं तिचं म्हणणं. माझ्या मते पिअर्सला विंधणंच नेमकं बसतं. 'पिअर्सिंग' नजरेलाही आपण वेधक म्हणतो, टोचकी नाही.

कृष्णाकाठची_आई: थोरल्याला वाचून दाखवलं. म्हणतो, पार्लरवाल्यांनी 'कान विंधण केंद्र' अशी पाटी लावावी. मास्तर, सासूबाई म्हणतात वेज बुजू नये म्हणून कडुनिंबाची काडी घाल. घालू का?

मास्तर_निवृत्त: तार आहे ना कानात? मग काडी कशाला! तार राहू द्या, आणि दिवसातून दहादा हात लावून बघू नका.