नोझिकआधी रॉल्स पूर्ण वाचावा का? मदत हवी आहे

ठाण्यात आमचा छोटा वाचनगट आहे. उदारमतवादी अर्थविचार वाचतोय. बास्तियाचं ‘द लॉ’ झालं. मग हायेकचा १९४५ सालचा ज्ञानाच्या वापरावरचा निबंध घेतला आणि चर्चा खरी रंगली ती तिथे. वाशीच्या मार्केटात टोमॅटोचा भाव चढला की त्यामागचं कारण ठाऊक नसतानाही जुन्नरचा शेतकरी आणि नौपाड्यातली खाणावळ दोघंही आपले बेत बदलतात. हायेक सांगतो ते हेच, आणि ते सगळ्यांना पटलं. मिझेसचं ‘ह्यूमन अॅक्शन’ही उघडलं होतं, पण सुरुवातीची पद्धतिशास्त्राची प्रकरणं जड गेल्याने बाजूला ठेवलं.

आता किमान सरकारची बाजू मांडणाऱ्या नोझिक या तत्त्वज्ञाचं १९७४ चं ‘अॅनार्की, स्टेट अँड युटोपिया’ घ्यायचं ठरतंय. त्याच्या सातव्या प्रकरणात रॉल्स या तत्त्वज्ञाच्या १९७१ च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’चा थेट प्रतिवाद आहे; विषमता सर्वांत दुर्बळांच्या फायद्याची असेल तरच न्याय्य, असं रॉल्सचं म्हणणं. रॉल्सची बाजू न ऐकता निकाल देणं मला अजिबात मान्य नाही, पण ते पुस्तक फार मोठं आहे.

अर्थशास्त्र कोणीच शिकलेलं नाही, गणित नको. इंग्रजी चालेल, तरी निम्मे जण मराठीत जास्त मोकळे होतात. शरद जोशींचं शेतीवरचं लेखन वाचलेलं आहे, त्यामुळे ते सुचवू नका.

नोझिक नीट कळण्यापुरती रॉल्सची नेमकी कोणती प्रकरणं वाचावीत? आणि या वादावर मराठीत वाचण्यासारखं काही आहे का?