अनुदानामुळे वाहन कंपन्यांचे हरित संशोधन वाढते की केवळ विक्री?

अर्थविद्यार्थिनी:
नमस्कार. विद्युत वाहनांना मिळणारे सरकारी साहाय्य हा माझ्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय आहे. विद्युत वाहनांच्या खरेदीवर अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या फेम-2 योजनेसाठी आधी 10,000 कोटी आणि नंतर 11,500 कोटी रुपयांची तरतूद झाली आणि एप्रिल 2019 ते मार्च 2024 या काळात विद्युत गाड्यांची विक्री वाढली, याबद्दल वाद नाही. परंतु गाड्या खपल्या म्हणजे कंपनीने स्वतःची बॅटरी किंवा मोटर विकसित केली, असे म्हणता येत नाही. अनुदानाने संशोधनाला खरोखर चालना मिळते का, आणि ती कशावरून ओळखावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सेलरसायन:
याचे सर्वांत बोलके उदाहरण चीनमध्ये सापडते. तेथे 2009 पासून अनुदान दिले जात होते आणि अटी सैल असल्याचा गैरफायदाही घेतला गेला. 2016 मध्ये तेथील अर्थ मंत्रालयाने पाच बस उत्पादकांवर ठपका ठेवला. त्यांपैकी एका कंपनीने तर न बांधलेल्या गाड्यांच्या नावावर पैसे उचलले होते. पुढच्याच वर्षी निकष कडक झाले. प्रवासी मोटारीच्या बॅटरी संचात दर किलोग्रॅममागे किमान 90 वॉट-तास ऊर्जा साठली पाहिजे, अशी अट आली आणि 120 च्या पुढे गेल्यास अनुदान थोडे वाढवून मिळू लागले.

या अटीने संशोधनाला गती दिली, पण तिने संशोधनाची दिशाही ठरवून टाकली. निकेल-कोबाल्ट-मँगनीज असलेल्या सेलची ऊर्जाघनता, म्हणजे दर किलोग्रॅममागे साठणारी ऊर्जा, अधिक असल्याने मोटार कंपन्या तिकडे वळल्या, आणि स्वस्त, टिकाऊ व तुलनेने सुरक्षित असे लोह-फॉस्फेटचे सेल मोटारींमध्ये मागे पडले. 2019 मध्ये अनुदानाला मोठी कात्री लागताच किमतीचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. मार्च 2020 मध्ये बीवायडी या चिनी कंपनीने ब्लेड बॅटरी सादर केली, तिच्यातील रसायन जुनेच लोह-फॉस्फेटचे होते. नावीन्य होते ते रचनेत: सुमारे 96 सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटरपेक्षाही कमी जाडीचे सेल मधले मॉड्यूल (सेलचे छोटे गट) वगळून थेट संचात बसवल्याने जागा वाचली आणि घनतेतील उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली. 2021 मध्ये चीनमधील वाहनांत बसवलेल्या बॅटऱ्यांत लोह-फॉस्फेटने पुन्हा आघाडी घेतली. म्हणून अनुदानाच्या रकमेपेक्षा त्याला जोडलेली अट काय होती, हे आपण आधी पाहावे, असे मला वाटते.

चाकणकर:
मी सुट्या भागांच्या एका कारखान्यात रचना विभागात काम करतो, त्यामुळे पुरवठादाराच्या बाजूने लिहितो. पहिली गोष्ट म्हणजे फेम-2 मध्ये खासगी वापराच्या मोटारींना अनुदान नव्हतेच. त्यांना लाभ झाला तो ऑगस्ट 2019 पासून 5 टक्क्यांवर आलेल्या जीएसटीचा. दुचाकींना मात्र अनुदान होते आणि सोबत देशी भाग वापरण्याची अटही होती. ती न पाळल्याबद्दल काही कंपन्यांकडे सरकारने अनुदान परत मागितले.

सध्याच्या पीएलआय (उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन) योजनेत 50 टक्के देशांतर्गत मूल्यवर्धन दाखवावे लागते आणि ते एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून तपासून घ्यावे लागते. त्यासाठी मोठी कंपनी आमच्याकडे प्रत्येक भागाचा हिशेब मागते: तांब्याची तार कोठून आली, चुंबक कोठून आले, त्यातला आयातीचा वाटा किती. या कागदपत्रांचा जाच होतो हे खरे, तरीही आयातीऐवजी इथे काय बनवता येईल, याचा विचार आमच्याकडे त्यामुळेच सुरू झाला. खेद एवढाच की वाहन उत्पादकासाठी समूहाची उलाढाल किमान 10,000 कोटी रुपयांची असावी लागते, आणि नवी कल्पना घेऊन उभ्या राहिलेल्या लहान कंपन्या त्यामुळे बाहेरच राहतात.

धोरणवाचक:
अटींचे महत्त्व मान्य केले तरी मागणीला कमी लेखू नये, असे माझे मत आहे. 2017 मध्ये ईईएसएल या सरकारी कंपनीने 10,000 विद्युत मोटारींची निविदा काढली, तेव्हा देशात अशा मोटारींना ग्राहक जवळपास नव्हते. मुख्य कंत्राट टाटा मोटर्सला मिळाले आणि जानेवारी 2020 मध्ये तिची नेक्सॉन ईव्ही बाजारात आली. प्रत्यक्ष खरेदी ठरल्यापेक्षा बरीच कमी झाली, तरीही रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांतून मिळणारा अनुभव प्रयोगशाळेत मिळत नाही. चीननेही अनुदान घटवताना 2019 पासून कंपन्यांना नव्या ऊर्जेच्या वाहनांचे श्रेयांक (विद्युत व तत्सम वाहने बनवल्याबद्दल मिळणारे गुण) मिळवणे बंधनकारक केले. ज्यांना ते जमले नाही, त्यांना ते इतरांकडून विकत घ्यावे लागले. सरकारी तिजोरीवरचा भार त्यामुळे हलका झाला आणि दडपण मात्र टिकून राहिले.

अर्थविद्यार्थिनी:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मग मोजणी पेटंटांवरून करावी का?

सेलरसायन:
करावी, पण सरसकट नको. चीनमध्ये शोधाचे पेटंट वेगळे आणि उपयुक्तता प्रारूपाचे, म्हणजे रचनेतील लहान सुधारणांचे, वेगळे. दुसऱ्या प्रकारात नावीन्याची सखोल तपासणी होत नसल्याने ते लवकर मिळते, आणि अनुदानासाठी संख्या फुगवायची झाल्यास तेच सोयीचे पडते. दोन्हींची आकडेवारी स्वतंत्र ठेवा. त्यातही बॅटरी, मोटर आणि इंजिन यांची पेटंटे वेगळी काढा, कारण विद्युत विभागात वाढलेले संशोधन त्याच कंपनीने इंजिन विभागातून काढून घेतलेले असू शकते. कालरेषेवर चीनसाठी 2017 आणि 2019 ही दोन वर्षे ठळक करा. भारतासाठी जून 2023 घ्या, कारण तेव्हा दुचाकींचे अनुदान बॅटरी क्षमतेच्या प्रति किलोवॉट-तास 15,000 वरून 10,000 रुपयांवर आणि कमाल मर्यादा किमतीच्या 40 वरून 15 टक्क्यांवर आली. पेटंट मिळण्यास वर्षे लागतात, म्हणून मंजुरीची तारीख न घेता अर्जाची तारीख धरा.