'शनिवारी रिकामा आहेस का?' : भटक्या मित्रमैत्रिणींचे अनुभव

प्रत्येकाच्या गोतावळ्यात एक तरी असा असतोच. गुरुवारी रात्री साडेदहाला फोन येतो, "शनिवारी रिकामा आहेस का?" कुठे जायचंय ते सांगत नाही, कारण सांगितलं तर आपण फोटो बघू आणि दुखणं काढू हे त्याला पक्कं ठाऊक असतं. अशा मित्रांबद्दल, मैत्रिणींबद्दल इथे लिहा. किती किल्ले झाले, किती हजार फूट चढले ही यादी मात्र कृपा करून नको. ती सगळीकडे वाचायला मिळते. तो माणूस डोंगरात वागतो कसा, तुम्हाला गळाला कसा लावतो, कशावरून डाफरतो, सॅकमधून काय काय काढतो, ते वाचायला आवडेल.

सुरुवात मी करतो. आमच्या गड्याचं नाव लिहिलं तर तो चिडेल, म्हणून नाव नाही. राजगड-तोरणा त्याच्यासोबत केला. गुंजवण्यातून चोर दरवाज्याने वर, पद्मावती माचीवर मुक्काम, सकाळी संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने उतरून धारेने तोरण्याच्या बुधला माचीकडे. ही वाट शेकडो लोक करतात, त्यात नवल नाही. नवल त्याच्या वाट विचारण्यात आहे. गावात शिरला की तो "तोरण्याला कुठनं जायचं?" असं कधीच विचारत नाही. ओट्यावर टेकतो आणि विचारतो, "मामा, यंदा भात कसा आलाय?" पुढची पंधरा मिनिटं भात, खताचे भाव, मामांचा पुण्यात कामाला असलेला मुलगा. मग न विचारताच मामा सांगतात की खालची वाट पावसात ढासळलीय, वरच्या ढोरवाटेने जा, दुसऱ्या टाक्याचं पाणी पिऊ नका. पुढच्या वस्तीत तो परत तेच करतो आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच निघतो. "हे काय, हितंच तर हाय" याचा अर्थ दीड तास, हे गणितही त्याचंच.

आणि डिओ. अंगाला वासाचं काही फवारून आलेल्याला तो पायथ्याच्या हापशावर अंग धुवायला लावतो. कड्याला आग्या मोहोळ असेल तर धूर आणि उग्र वास या दोन गोष्टींनी माश्या उठतात आणि मग पळायला जागा नसते. आमच्यातल्या एकाने नव्या महागड्या बाटलीतलं मारलं होतं. त्याला डिसेंबरच्या पहाटे पाच वाजता हापशाखाली बसवला. तो अजूनही बोलत नाही नीट.

लिहा आता.

डोंबिवलीहून

माझी मैत्रीण. आम्ही एकाच ऑफिसात होतो, ती अकाउंट्सला. दिसायला इतकी साधी की हिला दोर बांधता येतो यावर कोणाचा विश्वास बसायचा नाही.

हरिश्चंद्रगडाची नळीची वाट ठरली होती. कल्याणहून माळशेजकडे जाणारी एसटी, मोरोशीला उतरून बेलपाडा. बेलपाड्यातून कोकणकडा समोर असा उभा ठाकतो की मान मोडते. नळी म्हणजे पावसाळ्यात पाणी जिथून कोसळतं तीच वाट, मोठमोठे धोंडे, वर सटकणारा घसारा. आम्ही निम्म्यात होतो आणि वर ढग भरून आले. महिना मार्च, त्यामुळे कोणाच्या ध्यानीमनी पाऊस नाही. ती थांबली, दोन मिनिटं वर बघत राहिली, म्हणाली, "फिरायचं."

काय बोललो नाही आम्ही तिला! एकाने तर रजा खास टाकली होती. ती वाद घालत नाही, हा तिचा सगळ्यात वाईट गुण. नुसती उतरायला लागली, आणि दोर तिच्याकडे, त्यामुळे झक मारत सगळे मागे. आता इथे खरं तर असं लिहायला हवं की आम्ही खाली पोचलो आणि धो धो पाऊस पडला, दगड कोसळले, तिचं बरोबर ठरलं. तसलं काहीही झालं नाही. ढग आले तसे गेले. दुपारी लख्ख ऊन. बेलपाड्यात बसून आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली आणि जो तो तिच्याकडे रोखून बघत होता. ती म्हणाली, "काय? कडा राहिलाय तिथेच." आणि आणखी एक भाकरी मागितली.

कडा अर्थात नंतर केला, पाचनईच्या सोप्या वाटेने, पावसाळा सरताना. तिथे सकाळी आम्हाला इंद्रवज्र दिसलं. पाठीमागून कोवळं ऊन, पुढे दरीत दाट धुकं, आणि त्या धुक्यावर गोल इंद्रधनुष्य, मधोमध आपली सावली. गंमत अशी की ते वलय ज्याच्या त्याच्या डोक्याभोवतीच दिसतं. शेजारच्याची सावली जवळपास दिसली तरी वलयाचं केंद्र तुमचंच डोकं. त्यामुळे "माझ्या डोक्यामागे आहे", "नाही, माझ्या" असं भांडण जुंपलं. कोणीतरी सांगितलं की कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात इथूनच हे पाहिलं होतं. ती म्हणाली, "त्यालाही वाटलं असेल, माझ्याच डोक्यामागे आहे."

ठाण्याहून

मी जरा उलटं लिहितो, चालेल ना? माझा ट्रेकर मित्र मला असह्य होतो. पहाटे चारला उठून स्टोव्ह पेटवतो आणि भजनं म्हणतो, तीही चुकीच्या सुरात. केलेल्या प्रत्येक किल्ल्याची पोस्ट टाकतो. माझ्या पोटाकडे बघून उसासे सोडतो. त्याने मला कळसूबाईला नेलं, १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. लोखंडी शिडीच्या मध्यावर माझे पाय लटपटायला लागले तेव्हा तो खालून मोठमोठ्याने माझ्या गृहकर्जाचा हप्ता किती, मुदत किती, व्याजदर किती असं विचारायला लागला. मागे रांग, सगळे ऐकतायत. मी संतापून उत्तरं देत देत वर पोचलो.

अजूनही असह्यच आहे. पण लिहिलं.

नाशिकहून

आमचे मित्र वयाने आमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, निवृत्त शिक्षक. आम्ही त्यांना सर म्हणतो आणि ते आम्हाला अहो-जाहो करतात. डोंगरातसुद्धा. "अहो, डावा पाय त्या खाचेत ठेवा." घसरत असताना कोणी अहो म्हणालं की विचित्र वाटतं.

सरांचं दैवत म्हणजे बागलाण, आणि त्यात साल्हेर. १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, कळसूबाईच्या खालोखाल उंची. वाघांब्यातून साल्हेर-सालोट्याच्या खिंडीत चढायचं, मग खोदीव पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, लांबलचक गुहा, आणि अगदी माथ्यावर परशुरामाचं इवलंसं देऊळ. खिंडीत सर दगड गोळा करतात. हा इखलास खान, हा बहलोल खान, इकडून मोरोपंत पिंगळे, तिकडून प्रतापराव गुजर. १६७२ ची लढाई मांडली जाते. गडाखाली उघड्या मैदानात मराठ्यांनी मुघलांची मोठी फौज मोडली ती ही लढाई. नेहमीच्या गनिमी काव्यापेक्षा तिचं मोल वेगळं आहे, हे सर दर वेळी बजावतात. सूर्यराव काकडे पडले इथवर आले की सरांचा आवाज बसतो. दर वेळी बसतो. एकदा आमच्यातल्या एका पोराने तो सूर्यराव काकड्यांचा दगड नकळत उचलून कुत्र्याला भिरकावला. सर दहा मिनिटं गप्प होते. मग दुसरा दगड शोधला, तसाच लांबट, आणि तिथूनच पुढे चालू.

त्यांच्या पिशवीत (सॅक नाही, खांद्याला अडकवायची कापडी पिशवी) बाजरीची भाकरी, ठेचा, कांदे, लिंबं, मीठ-साखरेची पुडी. कोणाच्या पायात गोळा आला की लिंबू पिळून पाणी. आमच्या एनर्जी बारकडे बघून ते विचारतात, "हे खाऊन भूक लागते का हो?"

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. आता ते पायथ्याच्या गावात थांबतात, देवळात बसून पोरांना तीच लढाई सांगतात. उतरल्यावर आम्हाला प्रश्न विचारतात: तिसऱ्या दरवाज्यानंतरचं टाकं भरलंय का? पायऱ्यांवर मुरूम आलाय का? उत्तर ठोकून दिलं तर लगेच ओळखतात.

पनवेलहून

ढाकची बहिरी केलेल्यांना ती जागा माहीत असेल. कड्यात कोरलेली गुहा, दोराने आणि खोबणीत बोटं घालून चढायचं, खाली बघायचं नाही. गुहेत बहिरीचं ठाणं, टाकी, आणि गावकऱ्यांनी ठेवलेली स्वयंपाकाची भांडी. कोणीही वापरावीत, घासून जागच्या जागी ठेवावीत, घरी नेऊ नयेत, एवढाच नियम. आमचा मित्र चढतो यथातथाच, पण भांडी घासायला तिथे जातो असं आम्ही म्हणतो. आधीच्या लोकांनी ठेवलेली करपलेली पातेलीसुद्धा राखेने घासून लख्ख करतो. घरी त्याने कधी कपसुद्धा विसळलेला नाही, हे त्याच्या बायकोचं म्हणणं. ती एकदा आमच्याबरोबर आली. तिने ते दृश्य पाहिलं. पुढचं लिहीत नाही.

कोल्हापूरहून

आमचं येडं दरसाल जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालतंय. मसाई पठारावर पाऊस आडवा लागतोय, पुढच्या शेतवडीत गुडघाभर चिखल. हजाराचे बूट घेतलेल्यांचे तळ निघून चिखलात राहत्यात आणि हे गडी साध्या प्लॅस्टिकच्या चपला सुतळीनं पायाला आवळून पुढं. त्याच्याकडं सुतळीचा एक जादाचा गुंडा असतोय. वाटेत तळ निघालेलं कोण दिसलं की बसवतंय, बूट आवळून देतंय, "जावा आता" म्हणतंय. नाव नाही, गाव नाही, फोटो नाही. मागच्या खेपेला एका बाईनं पैसे पुढं केले, तर म्हणतंय, "वैनी, सुतळी परत करा म्हंजे झालं."

पुण्याहून, कोथरूड

सगळे पुरुषांबद्दल लिहितायत, डोंबिवलीच्या ताई सोडून. म्हणून मी.

आमच्या सोसायटीतली माझी मैत्रीण. पन्नाशी ओलांडल्यावर तिने जाहीर केलं की यूथ हॉस्टेलच्या हिमाचलमधल्या सार पास ट्रेकला जायचंय. १३,८०० फूट. घरी हलकल्लोळ. तिने शांतपणे तळजाईची टेकडी रोज चढायला सुरुवात केली, पाठीवर गव्हाचं पीठ भरलेली सॅक घेऊन. आधी पाच किलो, मग आठ. भाजीवाल्याला वाटायचं, ही बाई दळण कुठे नेते रोज?

मला ओढलंनच. कसोलच्या बेस कॅम्पवर विशीतली पोरं आणि आम्ही दोघी. ज्यांनी केलंय त्यांना आठवेल, तिथे रात्री लाकूड न पेटवता कॅम्पफायर करतात आणि झोपायच्या आधी बोर्नव्हिटा मिळतो. हिने त्या बिनआगीच्या शेकोटीपुढे मंगळागौरीची गाणी म्हणून दाखवली, फुगडी घातली, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळा कॅम्प तिला माऊ म्हणायला लागला. खिंडीच्या पलीकडे बर्फावरून बसून घसरत उतरायचं असतं. मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. ही दोन्ही हात वर करून, आरोळी ठोकत गेली, आणि खाली पोचल्यावर तिथल्या लीडरला विचारते, "परत वर जाऊन यायला किती वेळ लागेल?"

चिंचवडहून

माझा मित्र २०२१ च्या मे महिन्यात गेला, करोनाने. त्याला सगळ्यांनी हळवं होऊन लिहिलेलं आवडलं नसतं, त्यामुळे एकच सांगतो. त्याची ट्रेकची वही वहिनींनी आमच्याकडे दिली. आम्हाला वाटलं, आत वर्णनं असतील. होते हिशेब. एसटीचं तिकीट, चहा, वाटाड्याचे पैसे, आणि प्रत्येक ट्रेकखाली कोणाकडून किती येणं बाकी. माझ्या नावापुढे ठिकठिकाणचे मिळून सहाशे चाळीस रुपये निघाले. बाकीच्यांचेही बरेच होते. ते जमवून आम्ही नवा दोर घेतला. त्याला कळलं असतं तर त्याने आधी भाव विचारला असता.

कॅलिफोर्नियातून

इथल्या मित्राबद्दल. मूळचा साताऱ्याचा, अजिंक्यताऱ्यावर वाढलेला. योसेमिटीच्या जंगलात मुक्काम करायचा तर अस्वलांमुळे खाण्याचे पदार्थ ठरावीक मजबूत डब्यात ठेवावेच लागतात. नुसतं खाणं नाही, वास येणारं सगळंच: टूथपेस्ट, साबण, मलम. हा डबा असतो छोट्या घागरीएवढा. आमच्या साहेबांनी त्यात आधी भाकरवडी, लसणाची चटणी, मेतकूट आणि कंदी पेढे भरले. जागा संपली. मग बाकी ग्रुपचं ओटमील कुठे ठेवायचं यावरून वाद. शेवटी ओटमील गाडीत राहिलं. तीन दिवस मेतकूट-भात. गटातल्या एका अमेरिकन सहकाऱ्याने चटणीची पाककृती लिहून घेतली. रात्री डबा तंबूपासून दूर ठेवताना हा त्याच्याशी बोलत होता, "अस्वल आलं तरी पेढे देऊ नकोस."

परत पुण्याहून, धागा काढणारा

वाचून मजा आली. कोल्हापूरकर, तुमच्या मित्राला आमच्याकडून सुतळीचा गुंडा. ठाणेकर, तुमच्या मित्राची कर्जाची युक्ती मी वापरणार आहे.

माझ्याच गड्याचा आणखी एक किस्सा, कारण आज तो समोर बसून हे वाचतोय आणि "ते खारदुंगचं लिही" म्हणून मागे लागलाय. खारदुंग ला, लडाख. तेव्हा तिथल्या पाटीवर उंची १८,३८० फूट लिहिलेली होती. प्रत्यक्षात मोजमापं साधारण १७,५८० च्या आसपास येतात. सगळे त्या पाटीशेजारी फोटो काढत होते आणि हा जीपीएस हातात धरून एकेका पर्यटकाला आठशे फुटांचा फरक समजावत होता. त्या विरळ हवेत, धापा टाकत. एक पंजाबी काका शेवटी म्हणाले, "बेटा, इतना चढ़ के आए हैं, आठ सौ फुट तू छोड़ दे."

त्याने नाही सोडले. अजूनही सोडलेले नाहीत. आत्ता मी १७,५८० लिहिलं तर म्हणतो, दोन फूट राहिले.