गणपतीचे उरलेले ३,००० आणि विज्ञानकादंबऱ्या

सेक्रेटरी (ए-४०१): नमस्कार मंडळी. गणपतीच्या वर्गणीतले ३,००० रुपये शिल्लक आहेत. मीटिंगमध्ये ठरल्याप्रमाणे पार्किंगमधल्या कपाटासाठी पुस्तकं घ्यायची आहेत. नावं आज रात्रीपर्यंत द्या. उद्या पाणी येणार नाही, परवाचं पण नक्की नाही. टाकी जपून वापरा.

श्रेया (बी-२०३): काका, यावेळी सायन्स फिक्शन घ्या ना. कपाटात नुसती चरित्रं आणि लोणच्यांची पुस्तकं आहेत.

गड्डम काका (सी-१०१): त्यात काय असतंय? उडत्या तबकड्या आन रोबो. त्यापेक्षा लिफ्टमध्ये आरसा बसवा की.

कुलकर्णी काकू (ए-१०२): आरसा राहू द्या, आधी लिफ्टमध्ये कोण थुंकतंय ते शोधा. आज परत कोपरा लाल केलाय.

ओंकार (सी-३०२): काकू, तो माणूस ‘ड्यून’मधला असेल 😄 त्या ग्रहावर समोरच्यापुढं थुंकणं म्हणजे मान देणं. स्वतःच्या अंगातलं पाणी दिलं ना!

कुलकर्णी काकू (ए-१०२): असला मान नको बाबा.

ओंकार (सी-३०२): खरंच आहे तसं. फ्रँक हर्बर्टची कादंबरी, १९६५ ची. सगळा ग्रह वाळवंट. लोक अंगाला घट्ट सूट घालतात, घामाचं, श्वासाचं, लघवीचं पाणी परत पिण्याजोगं करून देणारा. कोणी मेलं तर त्याच्या देहातलं पाणी टोळीच्या मालकीचं. मी पुण्यात होस्टेलवर वाचलं, तिथं चोवीस तास पाणी. रूममेटला ते सगळं अद्भुत वाटलं. मला वाटलं, हे तर आपल्या सोलापुरातलं एप्रिल-मेचं वर्णन आहे.

गड्डम काका (सी-१०१): पाण्यावर कादंबरी? मग तबकड्या कुठं गेल्या बे?

ओंकार (सी-३०२): यानं आहेत काका, पण भांडण पाण्याचं आणि त्या वाळूत मिळणाऱ्या ‘मसाला’ नावाच्या मौल्यवान पदार्थाचं. हर्बर्ट मुळात पत्रकार. अमेरिकेत ओरेगनच्या किनाऱ्यावर सरकती वाळू गवत लावून थांबवत होते, त्यावर लेख लिहायला गेला. लेख राहिला, त्यातून हे निघालं. वीसच्या वर प्रकाशकांनी परत पाठवलं. शेवटी छापलं कोणी, तर गाड्या दुरुस्तीची पुस्तकं काढणाऱ्या कंपनीनं.

बिराजदार सर (बी-४०४): ओंकार, माहिती छान. पण पहिलंच पुस्तक म्हणून ड्यून कोणाच्या हातात देऊ नये. पहिली शंभर पानं घराणी, पदव्या आणि परक्या शब्दांतच जातात. मी स्वतः दोनदा सोडलं, तिसऱ्यांदा जमलं. नवा वाचक एकदा सोडतो तो कायमचाच.

श्रेया (बी-२०३): मग सर, सुरुवात कशापासून?

बिराजदार सर (बी-४०४): मराठीपासून. नारळीकर. जेवून सविस्तर लिहितो.

पटेल भाभी (ए-३०३): बी विंगची मोटार कोणी चालू ठेवलीय का? पाणी खाली वाहतंय.

सेक्रेटरी (ए-४०१): बंद केली. कृपया टायमर लावा. दर वेळी सांगावं लागतं.

ओंकार (सी-३०२): ड्यूनमध्ये याला शिक्षा झाली असती.

बिराजदार सर (बी-४०४): जेवण झालं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं. नंतर कळलं, हे जयंत विष्णू नारळीकरच. आद्याक्षरं उलटी केली होती, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातून लिहून घेतली होती. तेव्हाच नाव एवढं मोठं होतं, की परीक्षकांनी नावाकडं बघून बक्षीस दिलं असं कोणी म्हणायला नको. मला त्या कथेपेक्षा हा किस्सा जास्त आवडतो, खोटं कशाला बोलू.

बिराजदार सर (बी-४०४): कपाटात त्यांच्या ‘प्रेषित’ आणि ‘वामन परत न आला’ या दोन हव्यातच. वामनमध्ये जमिनीत खूप खोल एक ठोकळ्यासारखी पेटी सापडते, फार जुन्या आणि आपल्याहून पुढारलेल्या लोकांनी पुरलेली. आत काय ते सांगत नाही. भाषा शाळेतल्या चांगल्या मास्तरांसारखी. पात्रं मात्र थोडी फळ्यावर काढल्यासारखी वाटतात, हे कबूल. पण रात्री हातातून सुटत नाही.

कुलकर्णी काकू (ए-१०२): पानिपतची ती कथा कुठली हो? विश्वासरावांच्या कानाला गोळी चाटून जाते ती?

बिराजदार सर (बी-४०४): ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. नारळीकरांचीच. कथा आहे, कादंबरी नाही. गोळी चुकली, मराठे जिंकले, आणि पुढचा सगळा इतिहासच वेगळा. विज्ञानकथेचं मर्म त्यात आहे, काकू. एकच गोष्ट बदलायची आणि मग प्रामाणिकपणे बघत बसायचं, काय काय बदलतं ते. यान असो नसो.

गड्डम काका (सी-१०१): हे पटलं. पण इंग्रजी जाडजूड आणून कपाटात धूळ खात ठेवू नका.

श्रेया (बी-२०३): काका, ‘द मार्शियन’ तुम्हाला आवडेल. तुमचं शेत आहे ना मोहोळकडं? मंगळावर एकटा राहिलेला माणूस बटाटे लावतो. खत म्हणून स्वतःची नि निघून गेलेल्या सोबत्यांची विष्ठा आणि मंगळाची माती. पाणी नाही, तर यानाच्या इंधनातून हायड्रोजन काढून जाळून पाणी करतो, त्यात घरच उडवता उडवता वाचतो.

गड्डम काका (सी-१०१): बोअर मारायला नाही सुचलं त्याला?

श्रेया (बी-२०३): 😂 लेखक अँडी वेअरनं २०११ च्या सुमारास स्वतःच्या साइटवर एकेक प्रकरण टाकलं. वाचकच चुका काढायचे, केमिस्ट्रीच्या सुद्धा. मग तो दुरुस्त करायचा.

ओंकार (सी-३०२): म्हणजे आपल्या ग्रुपसारखंच. फक्त इथं कोणी दुरुस्त करत नाही.

शेख भाई (ए-२०१): लायब्ररीत आधी बघून या. हिराचंद नेमचंदला मी सभासद आहे, जुनी मराठी पुस्तकं तिथं मिळतील, विकत कशाला. भा. रा. भागवतांनी केलेली ज्युल व्हर्नची पुस्तकं मी लहानपणी तिथूनच वाचली. आणि तुम्ही एक विसरलात, कॅप्टन नेमो.

श्रेया (बी-२०३): पाणबुडीवाला?

शेख भाई (ए-२०१): हो. ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज’ या पहिल्या पुस्तकात तो कुठला, हे कळतच नाही. व्हर्नच्या मनात तो पोलंडचा होता, रशियावर सूड घेणारा. रशियात पुस्तकं खपायची म्हणून प्रकाशकानं अडवलं. मग १८७५ च्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये उलगडतं, की तो बुंदेलखंडचा राजपुत्र डाक्कर, १८५७ मध्ये इंग्रजांशी लढलेला, घरची माणसं गमावलेला. वडील म्हणायचे, चार हुतात्म्यांच्या गावात नेमो परका नाही. आमच्याकडं दोन्ही पुस्तकं एकदम आणायचा नियम होता.

बिराजदार सर (बी-४०४): शेख भाई, हे तुम्ही आजपर्यंत सांगितलं कसं नाही!

शेख भाई (ए-२०१): ग्रुपवर कोणी विचारलंय कधी, सर? इथं पार्किंग नि मेंटेनन्स.

कुलकर्णी काकू (ए-१०२): मला अवकाश नको. घरातलं काही सांगा.

बिराजदार सर (बी-४०४): ‘फॅरनहाइट ४५१’, १९५३. रे ब्रॅडबरी. पुस्तकं जाळणारी फायर ब्रिगेड. पण तुम्हाला नायकाची बायको आठवत राहील. दिवाणखान्याच्या तीन भिंती म्हणजे टीव्ही, तिला चौथी हवी आहे. रात्री कानात शिंपल्याएवढे छोटे रेडिओ घालून झोपते. नवरा शेजारी आहे की नाही, तिला पत्ता नसतो. ब्रॅडबरीनं हे वाचनालयाच्या तळघरात, नाणं टाकल्यावर चालणाऱ्या भाड्याच्या टाइपरायटरवर लिहिलं. अर्ध्या तासाला दहा सेंट. म्हणून असेल, एकही ओळ फुकट नाही.

कुलकर्णी काकू (ए-१०२): आमच्या चिरंजीवांच्या कानातले शिंपले मी रोज उशीखालून काढते. हे घ्या.

ओंकार (सी-३०२): आणि ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’? चिनी लेखक ल्यू त्सिशिन, वीज केंद्रात इंजिनिअर होता. आपल्या एनटीपीसीत कोणी असं लिहीत असेल, कोणास ठाऊक.

बिराजदार सर (बी-४०४): घ्यावं, पण मोठ्यांसाठी. चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत एका भौतिकशास्त्रज्ञाला जमावासमोर मारतात, मुलगी बघत असते, तिथून सुरुवात. चिनी पुस्तकात हा प्रसंग मध्यावर दडवला होता, इंग्रजी भाषांतरात पुढे आणला. भौतिकशास्त्र जड आहे, माणसं कोरडी आहेत, पण कल्पना अशा, की मी पुस्तक मिटून गच्चीवर जाऊन उभा राहिलो होतो.

सेक्रेटरी (ए-४०१): मंडळी, ११ वाजले. माझी यादी अशी: प्रेषित, वामन, मार्शियन, फॅरनहाइट, नेमोची दोन्ही. पैसे उरले तर ड्यून. थ्री बॉडी पुढच्या गणपतीला. हरकत?

ओंकार (सी-३०२): ड्यून शेवटी? 😐

बिराजदार सर (बी-४०४): माझी प्रत देतो कपाटाला. खुणा केल्यात पेन्सिलीनं, कोणी खोडू नका.

(तीन आठवड्यांनी)

गड्डम काका (सी-१०१): सर, तुमचं ते वाळूचं पुस्तक ६० पानांवर ठेवलं परत. डोकं चालंना. नेमोचं दुसरं कोणाकडं आहे? पहिलं झालं.

कुलकर्णी काकू (ए-१०२): माझ्याकडं. निम्मं राहिलंय. डाक्करची भानगड शेख भाईंनी आधीच सांगून ठेवली, तरी थांबवत नाही.

शेख भाई (ए-२०१): माफ करा काकू 🙏

पटेल भाभी (ए-३०३): पाणी आलंय. ए विंग, मोटार लावा.