‘टाकून दे’ म्हणजे नक्की काय? कॉम्प्युटरची आपली क्रियापदं

परवाच्या रविवारी घरी एक प्रकार झाला त्यावरून हा धागा काढतेय. जरा मोठं होईल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आमच्याकडे आजीच्या ओव्यांच्या १४ कॅसेट आहेत, सगळ्या ६० मिनिटांच्या, मामाने १९८८ साली गावी, सातारा बाजूला, टेपवर घेतलेल्या. गेले दोन महिने शनिवार-रविवार मी त्या कॉम्प्युटरवर घेतेय. आठवडाभर ऑफिसात टेस्टिंगचं काम असतं, दिवसभर स्क्रीनच, पण हे काम वेगळं आहे, याने डोकं शांत होतं. जुन्या डेस्कटॉपच्या लाइन-इनला, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायच्या खाचेला, कॅसेट डेक जोडलाय. कॅसेटला घाई करता येत नाही, तासाची कॅसेट तासच घेते, मग लावून ठेवायची आणि आपण दुसरं काही करायचं. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाईल मिनिटाला साधारण १० एमबी खाते, म्हणजे एका कॅसेटचे ६०० एमबी, आणि अशा सहा झाल्या होत्या.

भाचा आला होता, अकरावीतला, कॉम्प्युटरवर हात चांगला चालतो त्याचा. मी स्वयंपाकघरातून सांगितलं, "अरे जुन्या मशीनवरचं ते ओव्यांचं फोल्डर टाकून दे." टेबलावर मी पेनड्राइव्ह काढून ठेवला होता आणि माझ्या डोक्यात तोच होता. त्याने फोल्डर टाकून दिलं. रिसायकल बिनसकट. "मावशी, टाकलं गं" म्हणाला आणि पानावर येऊन बसला.

त्याची चूक नाही हे माझं ठाम मत आहे आणि मी त्याला तसं सांगितलंही. वाक्यच दोन्हीकडे जातं. आपल्याकडे ‘-ऊन दे’ दोन कामं करतं, एक म्हणजे दुसऱ्यासाठी करणं (भाजी चिरून दे, पत्र वाचून दे) आणि दुसरं म्हणजे हातातून सोडून मोकळं होणं (सोडून दे, फेकून दे, हाकलून दे). ‘टाकणे’ या दोन्हीत बसतं. मी "मला" म्हणाले असते किंवा "पेनड्राइव्हमध्ये" म्हणाले असते तर पहिला अर्थ निघाला असता, नुसतं "टाकून दे" म्हटल्यावर मराठी माणूस कचऱ्याकडेच जाणार.

फाईलींचं सांगते म्हणजे जीव टांगणीला नको. ती जुनी फिरणाऱ्या तबकडीची हार्ड डिस्क आहे, त्यात फाईल उडवली की फक्त तिची नोंद जाते, आतला मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतो. म्हणून मी पहिलं काम केलं ते मशीन बंद, डिस्क काढली, दुसऱ्या मशीनला लावली आणि फोटोरेक नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम रात्रभर लावून ठेवला. पाच फाईली आल्या, सहावी अर्ध्यात तुटलेली आली. आजकालच्या एसएसडीवर, म्हणजे तबकडी नसलेल्या चिपवाल्या ड्राइव्हवर, असतं तर बहुतेक काहीच हाती लागलं नसतं, तिथे मोकळी झालेली जागा ड्राइव्ह स्वतःच साफ करून घेतो. फक्त या प्रोग्रामने आणलेल्या फाईलींना नावं नसतात, नुसते आकडे असतात. त्यामुळे आता कुठली कॅसेट कुठली हे ऐकून ऐकून लावतेय.

आता मूळ मुद्दा. त्या रात्री डिस्क चालू असताना मी कागद घेऊन बसले आणि आपण दिवसभरात कॉम्प्युटर-मोबाईलबद्दल काय काय बोलतो ते लिहून काढलं. नामं सगळी इंग्रजी. फाईल, फोल्डर, मेल, लिंक, पासवर्ड, बॅकअप. त्यावर आपल्याकडे भांडणं खूप होतात, संगणक म्हणा की कॉम्प्युटर म्हणा. पण क्रियापदं बघा, ती आपली आहेत आणि ती कुणी समिती बसवून दिलेली नाहीत.

टाकणे : पासवर्ड टाक, ग्रुपवर फोटो टाक, मशीनवर नवीन विंडोज टाकली, खात्यात पैसे टाकले, ऑफिसात सुट्टी टाकली. मला वाटतं हे ‘पत्र टाकलं’ वरून आलंय. पेटीत टाकलं की आपलं काम झालं, पुढे ते आपोआप पोचतं. ग्रुपवर टाकताना पण तेच. आणि जुनं मशीन असेल तर ते धापा टाकतं आणि शेवटी मान टाकतं, तिथे पण टाकणेच. मान टाकणे आपण गुरांबद्दल आणि रोपांबद्दल म्हणत आलोय, बॅटरीबद्दल म्हणताना कुणाला ते ओढूनताणून वाटत नाही.

लावणे : कुकर लावला, विरजण लावलं, रेडिओ लावला, आणि आता डाउनलोडला लावलं, चार्जिंगला लावला, अपडेटला लावून झोपले. ऑफिसात आम्ही रात्री टेस्ट लावून घरी येतो. एकदा सुरू करून दिलं की आपल्याशिवाय चालत राहील अशी प्रत्येक गोष्ट ‘लावतात’. इतका नेमका भेद इंग्रजीत मला तरी एका शब्दात सापडला नाही. (गंमत म्हणजे दार लावलं की बंद आणि टीव्ही लावला की चालू. लॅपटॉपला मात्र आमच्या सासूबाई ‘मिटून ठेव’ म्हणतात, पोथी मिटतात तसं, आणि मला तो शब्द फार आवडतो.)

मारणे : एंटर मार, फॉरमॅट मार, रिस्टार्ट मार, सर्च मार, प्रिंट मार. एका फटक्यात होणारं काम. पण ‘सेव्ह मार’ म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही आणि ‘बॅकअप मार’ही नाही. सेव्ह करतात, बॅकअप घेतात. का? माझा अंदाज असा की जे जपून ठेवायचंय त्याला आपण मारत नाही. हे बरोबर आहे का ते तुम्ही सांगा.

उडणे : फाईल उडाली, डेटा उडाला. हा बल्ब उडाला, फ्यूज उडाला वरून असणार. आणि ‘उडवणे’ म्हणजे मुद्दाम डिलीट, यादीतून नाव उडवलं तसं.

प्रश्न असा की हे कुठे नोंदलं जातंय का? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३० च्या दशकातला. मी दोन्ही ऑनलाइन नेहमी बघते, प्रेमाने बघते, पण त्यात डाउनलोडला लावणे कसं असणार. तुमच्या भागात, तुमच्या कामात काय म्हणतात ते लिहा, मी यादी करणार आहे.

प्रतिसाद :
छान विषय. पण ‘मारणे’ बद्दल असहमत. प्रिंट मार, मेल मार हे हिंदीतून आलेलं आहे, आमच्या वेळी प्रिंट काढतच असत. मी बँकेत होतो, कॉम्प्युटर आले तेव्हा आम्हाला नवीन शब्दांची यादी मिळाली होती. संगणक त्यातला, तो बसला. दुवा पण बसला, मी लिंक म्हणतच नाही. न्याहाळक, म्हणजे ब्राउझर, बसला नाही याचं मला वाईट वाटतं, तो चांगला शब्द होता. तुमच्या यादीत ‘डकवणे’ जरूर घ्या. खळ लावून कागद डकवायचो आम्ही, कॉपी-पेस्टमधल्या पेस्टला याहून चांगला शब्द नाही.

प्रतिसाद :
काका, नमस्कार. हिंदीचा हात आहे हे मान्य, पण हाक मारणे, मिठी मारणे, गाठ मारणे ही तर आपलीच ना, हिंदीत आवाज देतात आणि गळ्याला लावतात. म्हणजे मारणे आपल्याकडे आधीपासून फटक्यात होणाऱ्या कामाला होतंच, त्यात नवीन नाम येऊन बसलं. आणि प्रिंट काढणे आणि प्रिंट मारणे यात मला फरक वाटतो. काढणे म्हणजे आतून बाहेर, फोटो काढला, झेरॉक्स काढली. ‘पटकन एक प्रिंट मार’ म्हणतात, ‘पन्नास पानांची प्रिंट मार’ सहसा म्हणत नाहीत, तिथे काढतातच.

अजून एक, नव्या पिढीने तर नामांचीच क्रियापदं केलीत, गुगलून बघ, फॉरवर्डलं. लोक नावं ठेवतात पण बदलणे आणि खर्चणे अशीच झालेली आहेत, बदल अरबी, खर्च फारसीतून आलेला, त्याला आपला ‘-णे’ लागला. आज ते परके वाटतात का कुणाला?

प्रतिसाद :
ताई माझं रिपेरिंगचं दुकान आहे तालुक्याला, बारा वर्षं झाली. आमच्याकडे रोज चालणारा शब्द सांगतो, ‘काढून लाव’. पीसी चालू होतो पण डिस्प्ले येत नाही म्हणून गिऱ्हाईक येतं, आम्ही आधी रॅम काढून लावतो, खोडरबरने पट्टी पुसून परत लावतो, बऱ्याच वेळा तेवढ्यात चालू होतो. फोनवर पण लोकांना हेच सांगतो की केबल काढून लावा, वायफायचा डबा काढून लावा. यात काढणे वेगळं आणि लावणे वेगळं असं नाही, ते दोन्ही मिळून एकच काम आहे. पुस्तकात याला काय म्हणतात माहीत नाही पण हा शब्द म्हाताऱ्या माणसाला पण लगेच कळतो.

दुसरा ‘भरणे’. दहा वर्षांपूर्वी आमच्याकडे निम्मी कमाई त्यावर होती, मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील असा बोर्डच होता बाहेर. कोणी कॉपी करून द्या म्हणत नव्हतं, गाणी भरून द्या, पिक्चर भरून द्या. रिचार्ज पण भरायचे, बिलासारखं.

आणि तुम्ही डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली ते बरोबर केलं. लोक घाबरून त्याच मशीनवर रिकव्हरी सॉफ्टवेअर टाकतात आणि आहे तेपण जातं.

प्रतिसाद :
आमच्या नागपूरकडे डाउनलोड ‘होऊन राहिलं’ असतं. पुण्यात नोकरीला आलो तेव्हा टीममधल्या एकाने विचारलं बिल्ड (प्रोग्रामची चालणारी प्रत) झाला का, मी म्हणलं होऊन राहिला, तो म्हणे म्हणजे झाला ना? नाही ना भाऊ, चालू आहे अजून. पुण्याचं ‘होतोय’ मला अपुरं वाटते, त्यात होणार आहे पण येते. ‘होऊन राहिला’ म्हणजे या घडीला आत काम सुरू आहे. टक्क्यांची पट्टी सरकताना दिसते ना, त्यासाठी आमचाच शब्द बरोबर आहे, हे मी गमतीत नाही सांगून राहिलो.

आणि बिघडलं तर पुण्यात ‘गंडलं’ म्हणतात हे मी इथेच शिकलो. आधी मला गंडवणे म्हणजे फसवणे एवढंच माहीत होतं. सर्व्हर गंडला म्हणजे सर्व्हरला कोणी फसवलं का, असं वाटलं होतं पहिल्यांदा.

प्रतिसाद :
‘उतरणे’ राहिलं. चार्जिंग उतरली. आधी बॅटरीचे सेल उतरायचे, म्हणजे हातातल्या टॉर्चचे, आमच्या गावात टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. ताप उतरतो, विष उतरतं तसं सेलमधलं बळ उतरतं. आणि ‘नेट’ बद्दल, आपल्याकडे नेट लावणे, नेटाने करणे हा शब्द पहिल्यापासून आहे, जोर लावून, चिकाटीने. त्याचा इंटरनेटशी काही संबंध नाही पण माझी आठ वर्षांची मुलगी नेटाने अभ्यास कर म्हटलं की टॅबलेट घेऊन बसते. तिला समजावून सांगितलं, तिला दोन्ही अर्थ आता आवडलेत.

धागा काढणारी :
सगळ्यांचे आभार, वेळ लागला उत्तर द्यायला कारण त्या बिननावाच्या फाईली ऐकत होते.

काका, डकवणे घेतला आणि आजपासून वापरणार. न्याहाळक मलाही आवडतो पण बघा, त्याच्याबरोबर आपण क्रियापद कुठलं लावणार होतो? न्याहाळक उघड. आणि क्रोम उघड. ‘उघड’ दोन्हीकडे तसंच राहतं, म्हणून मला नामाची तेवढी काळजी वाटत नाही. नागपूरच्या भाऊंचं म्हणणं मला पूर्ण पटलं, टेस्ट चालू असताना होतेय आणि होईल यात ऑफिसात रोज घोळ होतो. काढून लाव तर मला सुचलाच नव्हता, आणि मी स्वतः तो रोज वापरते.

आता भरणे. दादा, तुमचा प्रतिसाद वाचला तेव्हा वाटलं हा मेमरी कार्डाच्या दुकानांतून आलेला शब्द असेल. काल रात्री आकड्यांच्या फाईलींमधली तिसरी ऐकत होते. सुरुवातीला नुसती खरखर, मग लांब कुठेतरी कोंबडा, जात्याचा खुंटा ठोकल्याचा आवाज, मग आजी मामाला विचारते, "भरतंय नव्हं त्यात?" मामा म्हणतो, "भरतंय, तू म्हण."

म्हणजे १९८८ ला हा शब्द आमच्या आजीच्या तोंडात होता, टेप पहिल्यांदा बघणाऱ्या बाईच्या. कणगी भरते तसं. यादीत पहिला लिहिलाय. त्या फाईलीला नाव पण तेच दिलंय, ‘भरतंय’, आणि या वेळेस भाच्याला नीट सांगून पेनड्राइव्हवर भरून घेतलीय.